शुभार्थींसोबत मातीकाम घ्यायचंय, कुणी घेतलंय का? (पुणे)

शाडूवाली

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी शिल्पकलेचा डिप्लोमा केलाय, पण खरं सांगायचं तर गेली नऊ वर्षं पावसाळ्यात शाडूचे गणपती आणि मे महिन्यात पोरांची शिबिरं एवढंच चाललंय. विसर्जन झालं, हात रिकामे झाले आणि नेमका तेव्हाच इथल्या एका डे सेंटरमधून फोन आला की मानसिक आजारातून सावरणाऱ्या लोकांसाठी दर शनिवारी दोन तास असं सहा शनिवार शिल्पकलेचं वर्कशॉप घ्याल का. मी हो म्हणून बसले आणि आता पोटात गोळा आलाय, तोही मातीचा.

बारा जण आहेत. बहुतेकांना स्किझोफ्रेनिया, दोघांना बायपोलर, सगळ्यात लहान मुलगी २२ ची आणि सगळ्यात मोठे काका ५८ चे. सेंटरवाले त्यांना शुभार्थी म्हणतात आणि घरच्यांना शुभंकर, मला आवडलं हे, पेशंट म्हणण्यापेक्षा बरं. शेवटी एक छोटं प्रदर्शन लावू, आणि जमलं तर दिवाळीला पणत्या करून विकू असं त्यांच्या डोक्यात आहे.

माझे प्रश्न म्हणजे माती कुठली नेऊ, हत्यारं काय द्यायची, कुणी मधेच रडायला लागलं किंवा उठून गेलं तर मी काय करायचं, आणि केलेल्या वस्तूबद्दल 'हे काय आहे, का केलंत' असं विचारायचं असतं का? मी थेरपिस्ट नाही हे त्यांना सांगितलंय. तरी ते मला 'आर्ट थेरपीच्या मॅडम' म्हणतायत, त्याचंही टेन्शन आहे.

गोणपाट

ताई, मी मुंढव्याला मातीकाम करतो, स्टुडिओ वगैरे काही नाही, पत्र्याची शेड आहे. चार वर्षं एका संस्थेत महिन्यातून दोनदा जातोय म्हणून लिहितो, लांबेल.

शाडू नका नेऊ. तुमचा हात त्यावर बसलाय हे मान्य, पण शाडू भाजता येत नाही, वाळताना तडे जातात, आणि जो माणूस आधीच 'माझ्याकडून काही धड होत नाही' असं धरून बसलाय त्याला पुढच्या शनिवारी आपल्या हत्तीची सोंड खाली पडलेली दिसली तर तो परत येत नाही, हे मी बघितलंय. केशवनगरला किंवा कसब्यातल्या कुंभारवाड्यात जाऊन लाल माती आणा. माणशी दीड किलो धरा, वीस किलोत बारा जणांचं निभतं, उरलेली ओल्या गोणपाटात (हो, तेच) गुंडाळायची, वर प्लास्टिक, पुढच्या वेळी परत तीच. क्राफ्टच्या दुकानातली रंगीबेरंगी क्ले नको, पन्नाशीच्या माणसाला बालवाडीत बसवल्यासारखं वाटतं. पीओपी तर अजिबात नको, पाण्यात कालवून घट्ट होताना ते चांगलंच तापतं, कुणी हात आत ठेवून बसलं तर भाजतं. आणि वाळलेली माती झाडूने झाडायची नाही, त्या धुळीत सिलिका असते, फुप्फुसाला वाईट. ओल्या फडक्याने पुसायचं. तिथल्या मावशींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुमची पाठ वळली की केरसुणी येतेच.

आता मुद्दा. पहिल्या दिवशी 'आज आपण वाटी करणार आहोत' असलं काही म्हणू नका. गोळा द्या आणि मळायला लावा. आपटायची, दाबायची, दुमडायची, परत दाबायची, आतली हवा गेली पाहिजे. माझ्याकडे एक काका यायचे, पूर्वी पीएमटीत कंडक्टर होते. तीन सेशन त्यांनी फक्त मळलं. गोळा गोल करायचा, तळव्याने चपटा, परत गोल. मी पहिल्या दिवशी दोनदा जाऊन 'काका वाटी करून बघा' म्हणून आलो, मी बोलायला लागलो की त्यांचे हात थांबायचे, मी गेलो की परत सुरू. शेवटी मी नाद सोडला. चौथ्या वेळी त्यांनी मातीची एक लांबट पट्टी थापली आणि अंगठ्याच्या नखाने कडेला एक भोक पाडलं, मग त्याच्या शेजारी दुसरं, अशी ओळीने अकरा. मी काही विचारलं नाही, तेच म्हणाले, 'तिकीट पंच केलं.' बास. ती पट्टी भाजून माझ्या शेडमध्ये आहे, त्यांना विचारून ठेवलीय.

भाजायचं असेल तर अंगठ्यापेक्षा जाड काही ठेवू नका, मोठं असेल तर आतून पोकळ करा. आत ओल राहिली की भट्टीत वाफ धरते आणि वस्तू फुटते, वर शेजारच्याचीही फोडते. परतीच्या पावसात वाळायला पंधरा दिवससुद्धा लागतात, त्यामुळे शेवटच्या शनिवारी काही नवीन करायला घेऊ नका.

सदाशिव_पेठी

एवढा विचार कशाला करायचा. छोटे गणपती करायला लावा, तुमचा हातखंडा आहे, लोक विकतही घेतील.

गोणपाट

नेमकं तेच करायचं नाही दादा. वाटी बिघडली की मुठीत दाबून परत गोळा करता येतो. गणपती बिघडला तर कोण दाबेल? हात जागच्या जागी थांबतात. आणि काहींच्या आजारात देव बोलतो, हुकूम देतो, तिथे आपण होऊन देव कशाला समोर मांडायचा. त्यांनी स्वतःहून केला तर करू दे.

ओटी_ताई

गोणपाट यांना +१, गणपतीच्या मुद्द्याला तर +१००.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, १९ वर्षं वॉर्डात आणि आता डे केअरमध्ये. तुम्ही थेरपिस्ट नाही हे तुम्हाला कळतंय यातच अर्धं काम झालं. 'आर्ट थेरपी' हा शब्द बोर्डावर लिहू देऊ नका, 'मातीकाम' लिहा. थेरपी हा वेगळा अभ्यास आहे, पुण्यातच वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंगचा आर्ट बेस्ड थेरपीचा कोर्स आहे, पुढे गोडी लागली तर बघा. सध्या तुम्ही शिल्पकार म्हणून जा, आणि सेंटरचा एक माणूस पूर्ण दोन तास खोलीत पाहिजे ही अट घाला. 'मी पाच मिनिटांत आले' म्हणून चहाला जाणारा नको. कुणी रडलं, उठून गेलं तर मागे तो जाईल, तुम्ही बाकीच्या अकरा जणांसोबत बसून राहायचं. धावत जाऊ नका, एकाच्या मागे सगळी खोली उठते.

हत्यारं मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची, त्यांच्यासमोर पण गाजावाजा न करता. ट्रेवर प्रत्येक हत्याराची बाहेरची रेघ काढून ठेवा, काय आलं नाही ते एका नजरेत दिसतं. कापायची तार तुमच्याच हातात. सुया, कटर, आतल्या सांगाड्याची तार हे सहा शनिवारांत लागतच नाही. आईस्क्रीमच्या काड्या, जुने टूथब्रश, तुटके कंगवे, नारळाची करवंटी, चमचे एवढ्यावर खूप होतं.

गोळ्यांचं समजून घ्या, हे महत्त्वाचं आहे. लिथियमने (बायपोलरला देतात ती गोळी) हात थरथरतात. काही अँटिसायकोटिकने, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांनी, हातपाय कडक होतात, चेहरा हलत नाही, त्याला 'मन लागत नाही' समजू नका. काहींना गोळ्यांमुळे एका जागी बसवतच नाही, सारख्या येरझाऱ्या घालतात, त्यांच्यासाठी एक उंच टेबल ठेवा, उभ्याने करू देत. थरथर कमी करायला जी गोळी देतात तिच्याने जवळचं धूसर दिसू शकतं, म्हणून बारीक नक्षीकाम नको. माती यासाठीच चांगली, पेन्सिलची रेघ थरथरली की लगेच दिसते, मुठीत दाबलेल्या गोळ्यात काही दिसत नाही. जेवणानंतरची वेळ घेऊ नका, निम्मे पेंगतील. पिण्याचं पाणी जवळ ठेवा, तोंड कोरडं पडतं. आणि कुणाला माती खायची सवय आहे का ते आधी विचारा, हसू नका, विचारा.

'हे काय आहे' विचारू नका. 'हे तू कसं जोडलंस' विचारा. त्याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं.

आता पणत्या. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, त्याच्या २० व्या कलमात स्पष्ट आहे की संस्थेत कुणाकडून जबरदस्तीने काम करून घ्यायचं नाही आणि काम केलं तर योग्य मोबदला द्यायचा. डे सेंटर कायद्याच्या व्याख्येत बसतं की नाही यावर काथ्याकूट करण्यापेक्षा सरळ पाळा. पणती ज्याने केली त्याला पैसे, हिशोब त्याच्यासमोर. आणि पणत्या हव्या असतील तर तो वेगळा वर्ग, या सहा शनिवारांत मिसळू नका. दोनशे पणत्यांची ऑर्डर आली की ते कंडक्टर काका तीन आठवडे मळत बसलेले कुणाला परवडणार?

पुरावा_कुठाय

मला कुणाचा उत्साह मारायचा नाही, पण 'मातीला हात लावला की मन शांत' टाईप फॉरवर्ड वाचून कंटाळलोय. ब्रिटनमध्ये मॅटिस नावाची मोठी चाचणी झाली, २०१२ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आली, स्किझोफ्रेनियाचे ४१७ लोक, गटात आर्ट थेरपी वर्षभर. लक्षणांत आणि एकूण जगण्यावागण्यात नेहमीच्या उपचारापेक्षा काही फरक सापडला नाही. मग हे सगळं कशासाठी?

ओटी_ताई

बरोबर वाचलंय तुम्ही. त्याच चाचणीत हेही आहे की बरेच लोक गटाला फार कमी वेळा आले, काही तर एकदाही आले नाहीत. आता याचा अर्थ 'आले असते तर फायदा झाला असता' असा मी काढत नाहीये, तो काढता येत नाही. उलट बाजूने हाँगकाँगचा २०१७ चा एक अभ्यास आहे, नैराश्याच्या १०६ लोकांवर, मातीकामाच्या गटाला फरक पडला असं त्यात आहे. पण तो आजार वेगळा आणि घेणारे प्रशिक्षित थेरपिस्ट. म्हणून तर म्हणतेय थेरपी लिहू नका. कॅरम खेळल्याने स्किझोफ्रेनिया कमी होतो का? नाही. म्हणून कॅरम बंद करायचा का? गोळ्या गोळ्यांचं काम करतील. शनिवारी दहा वाजता अंघोळ करून बाहेर पडायला एक कारण मिळणं हे माझ्या लेखी पुरेसं आहे, तुमच्या लेखी नसेल तर तसं.

पुरावा_कुठाय

कॅरम मान्य. थेरपी शब्द काढला तर माझं भांडण नाही.

कसब्यातला

थोडं अवांतर. जर्मनीत हायडेलबर्गला हान्स प्रिन्झहॉर्न नावाचा डॉक्टर होता, आधी कलेचा इतिहास शिकलेला. त्याने शंभर वर्षांपूर्वी मनोरुग्णालयांतून रुग्णांची चित्रं, शिल्पं मागवून मोठा संग्रह केला आणि १९२२ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्यात एक गवंडी आहे, कार्ल गेन्झेल, एक पाय कापलेला. त्याला कुणी माती दिली नव्हती की वर्कशॉप घेतलं नव्हतं, तो जेवणातला पाव चावून त्याचा लगदा करायचा आणि त्याच्या आकृत्या वळायचा, लाकूड नंतर हाती आलं. पुस्तकात मात्र त्याचं नाव ब्रेंडेल असं बदलून छापलंय, म्हणजे तेव्हाही एवढी काळजी घेतली होती. पुढे नाझींनी याच संग्रहातल्या वस्तू उचलल्या आणि 'विकृत कला' म्हणून भरवलेल्या प्रदर्शनात आधुनिक चित्रकारांच्या शेजारी लावल्या, बघा दोघं सारखेच वेडे, हे दाखवायला. तेव्हा प्रदर्शन म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं, कोण बघायला येणार आहे आणि का.

लांब कशाला, आपल्याकडे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे अनिल अवचट स्वतः लाकूड कोरायचे. मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झालं तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच.

लिंबू_सरबत

मी इथे फारसा लिहीत नाही. मी शुभार्थी आहे, वय ३४, गोळ्या चालू, सध्या एका ठिकाणी अकाउंट्सचं काम करतो.

असं एक वर्कशॉप मी केलंय, कुठे ते सोडा. मी दिवाळीचा किल्ला केला होता. लहानपणी आमच्या वाड्यात करायचो तसा, फक्त टेबलावर मावेल एवढा. पायऱ्या खालून वर जाताना बारीक होत होत्या, कारण किल्ल्याच्या पायथ्याशी बसून वर बघितलं की तशाच दिसतात. सर आले, छान छान म्हणाले आणि बोलता बोलता माझ्या पायऱ्या सगळ्या सारख्या करून गेले. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. चांगले होते हो ते, मनात काही नव्हतं. पण तो किल्ला मग माझा राहिला नाही. मला तो मोडायचा होता, तर म्हणाले अरे इतका सुंदर झालाय, मोडू नको, प्रदर्शनात ठेवू.

प्रदर्शनात ठेवला. शेजारी पुठ्ठ्यावर माझं नाव आणि आजाराचं नाव. कुणीतरी फोटो फेसबुकवर टाकला, मी किल्ल्यामागे उभा. त्या वर्षी माझ्या चुलत बहिणीचं स्थळ बघणं चालू होतं. बाकी सांगत नाही.

शाडूवाली ताई, दोनच गोष्टी. आमच्या वस्तूला तुमचं बोट लावू नका, दाखवायचं असेल तर तुमच्या वेगळ्या गोळ्यावर दाखवा. आणि मोडायची परवानगी पहिल्याच दिवशी द्या, मागायला लावू नका.

ओटी_ताई

लिंबू_सरबत, लिहिलंत ते बरं केलंत.

फोटोबद्दल, त्याच कायद्याचं २४ वं कलम वाचा. उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, आणि गुप्ततेचा हक्क डिजिटल माहितीलाही लागू आहे. संमती म्हणजे शुभंकरांची सही नव्हे, ज्याचा फोटो त्याची. तीही पहिल्या दिवशी एकदा घेऊन संपत नाही, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी परत विचारा, माणूस नाही म्हणाला तर वस्तू काढा. आजाराचं नाव पुठ्ठ्यावर कशासाठी लागतं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

हडपसरची_आई

माझा मुलगा अशाच एका वर्गाला जायचा. दर वेळी काहीतरी घेऊन यायचा, मला तर सगळे गोळेच दिसायचे. एकदा मी आवराआवर करताना त्यातला एक गॅलरीतल्या कुंडीत टाकला, वाटलं माती तर आहे. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी बघते तर कुंडीतून काढून, पुसून परत टीव्हीच्या कपाटावर ठेवलेला, पावसाने अर्धा विरघळलेला होता. मी अजून विचारलेलं नाही ते काय होतं. तुम्ही घरी वस्तू देणार असाल तर आम्हाला पण आधी दोन शब्द सांगा, आम्हालाही कळत नाही हो.

शाडूवाली

सगळ्यांचे खूप आभार. पहिला शनिवार झाला. सुचेल तसं लिहितेय, दमलेय.

केशवनगरहून वीस किलो माती आणली, रिक्षावाल्याने पोत्याचे वेगळे पैसे घेतले. सेंटरला सांगून बोर्डावर 'मातीकाम' लिहून घेतलं, पणत्या पुढच्या वर्षी बघू म्हणाले, जरा नाराज आहेत पण ठीक. प्रदर्शनाचं मी 'पाचव्या शनिवारी त्यांनाच विचारू' यावर आणून ठेवलंय.

बारापैकी नऊ आले. एक जण दाराशीच उभा राहिला, शेवटपर्यंत आत आला नाही, पण गेलाही नाही. २२ ची मुलगी मातीचा वास घेऊन म्हणाली आजीच्या चुलीचा वास येतोय आणि मग तासभर एक शब्द नाही, वळ्या वळत बसली, करंगळीएवढ्या, शेजारी शेजारी मांडून. चाळीस तरी असतील. ५८ चे काका दहा मिनिटांत 'झालं' म्हणून हात धुऊन आले, परत बसले, परत धुतले, असं पाच वेळा. मी सुरुवातीलाच सांगितलं की ज्याला मोडायचं त्याने मोडावं, विचारायचं नाही. शांतता. मग एका ताईंनी समोरचं केलेलं काहीतरी, मला पक्षी वाटला होता, टेबलावर असा दाणकन आपटला की मीच दचकले. सगळे हसले, त्या पण. मग आपटाआपटीच सुरू झाली पंधरा मिनिटं, खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायला आलं काय चाललंय.

एक चूक झाली. एकांच्या भांड्याला कडेला चीर गेली होती आणि माझं बोट आपोआप पुढे गेलं, नऊ वर्षांची सवय. लिंबू_सरबत आठवले, बोट तिथेच थांबवलं. त्या बाईंनी माझ्या बोटाकडे बघितलं, मग चीर आणखी थोडी फाडली आणि म्हणाल्या इथून पाणी ओतायचं.

आता एक अडचण. त्या चाळीस वळ्या तिला मोडायच्या नाहीयेत, घरीही न्यायच्या नाहीत, पुढच्या शनिवारी पुढे करायच्यात म्हणाली. तोवर वाळून कडक होतील. काय करू?

गोणपाट

ओलं सुती फडकं घट्ट पिळून वर टाका, त्यावर प्लास्टिकची पिशवी, कडा दाबून बंद. बुधवारी एकदा उघडून पाण्याचा हात मारायला सेंटरवाल्यांना सांगा. नाहीतर तिलाच सांगा बुधवारी येऊन मारायला.